वन-टनचं इंजिन आणि आमची चूक



गेल्या महिन्यात ट्रेनिंगच्या काळातल्या एका मित्राचा फोन आला. "लिलावातून गेलेली एक जोंगा विकायला आहे. बॉडी ठणठणीत, इंजिन मेलेलं. तिच्यात नव्या एसयूव्हीचं डिझेल इंजिन टाकतो, मागे झोपायची आणि चहा-भाताची सोय करतो आणि घरच्यांना घेऊन लडाखपर्यंत जाऊन येतो. तू ईएमईचा माणूस. खर्च किती येईल तेवढं सांग."

मी खर्च सांगितला नाही. आधी ब्रेकचं विचारलं, मग कागदांचं. तो वैतागला. म्हणाला, "मी इंजिनचं विचारतोय आणि तू भलतंच सांगतोयस." मग मी त्याला जबलपूरची गोष्ट सांगितली. पाऊण तास गेला. हा प्रश्न विचारणारा तो वर्षभरातला चौथा माणूस, म्हणून यावेळी लिहूनच काढतो. निवृत्तीनंतर आपल्यापैकी बऱ्याच जणांना जुन्या फौजी गाड्यांचं वेड लागतं. ते वाईट नाही. पण त्या वेडापायी आम्ही एकदा तीन जीव घालवणार होतो, आणि त्यातला निम्मा दोष माझा होता.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या गाडीत नवं इंजिन टाकणं हा गुन्हा मानू नये, पण तो घरगुती उद्योगही समजू नये. त्यासाठी सरकारने सरळ, तपासणीचा रस्ता काढला पाहिजे. आणि तो निघेपर्यंत आपण स्वतःला आवरलं पाहिजे.

ज्यांची पोस्टिंग जबलपूरला झाली नाही त्यांच्यासाठी थोडं गावाबद्दल. हे गाव नर्मदेचं आणि फौजेचं. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची रेजिमेंटल सेंटर इथे, सिग्नल्सचं ट्रेनिंग सेंटर इथे, आयुध डेपो इथे, बेस वर्कशॉप इथे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. व्हेईकल फॅक्टरी १९६९ ची. आपण ज्या गाड्यांच्या मागे बसून सीमेपर्यंत गेलो त्यांतल्या बहुतेक इथल्याच. शक्तिमान जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर, तर जोंगा आणि वन-टन जपानच्या निसानच्या परवान्यावर. जोंगा हे नावसुद्धा 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याच्या आद्याक्षरांचं आहे, हे अनेक जुन्या ड्रायव्हरांनाही माहीत नसतं.

अशा गावात मिस्त्रीची काय कमी. रांझीच्या बाजूला सकाळी चहाच्या टपरीवर उभे राहा. शेजारचा म्हातारा एकतर फॅक्टरीतून रिटायर झालेला असतो, नाहीतर डेपोतून. लेथवर हात बसलेली माणसं गल्लोगल्ली. त्यामुळे जबलपूरमध्ये "हे होणार नाही" असं कुणी म्हणत नाही. "हो जाएगा" म्हणतात, आणि होऊनही जातं. आमचा घात त्यानेच केला.

मी तिथे हवालदार होतो, बी व्हेईकलचा मिस्त्री. माझे एक उस्ताद रिटायर होऊन रांझीलाच स्थायिक झाले होते. मूळचे वर्धेकडचे. त्यांनी मला रिक्रूट असताना कार्ब्युरेटर उघडायला शिकवला होता, त्यामुळे त्यांचा शब्द माझ्यासाठी हुकूमच. २०१२ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी एक जुनी निसान वन-टन घेतली. लिलावातून एका ठेकेदाराकडे गेलेली, तिथून चार वर्षं विटा वाहून थकलेली. कागदं मात्र चोख होती.

उस्तादांचा बेत नर्मदा परिक्रमेचा होता. वहिनींचे गुडघे गेलेले, पायी परिक्रमा शक्य नव्हती. गाडीने करणाऱ्यांसाठी बस असतात, पण वहिनींना दर दोन तासांनी पाय लांब करून पडावं लागे. म्हणून गाडीतच पलंग, पाण्याची टाकी, एक शेगडी, देवाचा फोटो. ग्वारीघाटावर संकल्प सोडायचा, नदी उजव्या हाताला ठेवायची आणि आपल्या चालीने निघायचं. रोज शंभर किलोमीटर झाले तरी पुष्कळ. हा बेत त्यांनी मला सांगितला तेव्हा मला त्यात एकही चूक दिसली नाही. आजही दिसत नाही.

अडचण होती पेट्रोलची. वन-टनमध्ये तेच इंजिन असतं जे जोंगात: सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी. चालायला लोण्यासारखं, पण पितं हत्तीसारखं. आमच्या हिशेबाने लिटरला चार, फार तर पाच किलोमीटर. परिक्रमा रस्त्याने जवळपास तीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. पेन्शनीतून हे परवडणार नव्हतं. त्यात ते इंजिन धूर सोडत होतं आणि हेडला चीर गेलेली होती.

उस्तादांनी अपघातात गेलेल्या एका एसयूव्हीचं इंजिन शोधलं. २.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो, कॉमन-रेल डिझेल. पुढून काही लागलेलं नव्हतं, गाडी मागून चेपली होती. इंजिन, वायरिंगचं पूर्ण जाळं, कंट्रोल युनिट, मीटर, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल आणि किल्लीसुद्धा, सगळं एकत्र घेतलं. हे मी आवर्जून लिहितोय, कारण बरेच लोक नुसतं इंजिन आणतात आणि मग ते सुरूच होत नाही. नव्या इंजिनात किल्लीतली चिप कंट्रोल युनिटला ओळख देते. ओळख पटली नाही तर डिझेलच सोडत नाही. पेडलला तार नसते, सेन्सर असतो. एखादा सेन्सर गप्प बसला की इंजिन आजारी माणसासारखं चालायला लागतं, जोर काढतच नाही.

काम चार महिने चाललं. दर रविवारी मी तिथे. इंजिन आणि जुन्या गिअरबॉक्समध्ये बसणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट एका रिटायर्ड टर्नरने लेथवर काढून दिली, आणि ती इतकी नेमकी की फीलर गेज आत जाईना. नव्या इंजिनाचा तेलाचा सम्प पुढच्या अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलवर आदळत होता, म्हणून सम्प कापून वेल्ड केला. इंटरकूलरला जागा नव्हती, ती केली. जबलपूरच्या मे महिन्यासाठी रेडिएटर मोठा घातला. मार्चमध्ये ज्या दिवशी ते इंजिन वन-टनच्या बॉनेटखाली पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी उस्तादांनी सगळ्या गल्लीला खोव्याची जिलेबी वाटली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला बोलू.

आता चूक सांगतो.

वन-टनला चारही चाकांना ड्रम ब्रेक. आमच्या गाडीला ठेकेदाराने कधीतरी ब्रेकचा बूस्टर बसवून घेतला होता. बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात हे व्हॅक्यूम आयतं मिळतं. थ्रॉटल बंद झाला की इंजिन हवा ओढतं आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. नव्या इंजिनावर पंप होता. पंपापासून बूस्टरपर्यंतचा पाइप मात्र नव्हता, कारण ती गाडी वेगळी, अंतर वेगळं. मी तिथे जुन्या पेट्रोल इंजिनाचाच रबरी पाइप लावला. "पुढच्या रविवारी चांगला आणू" असं म्हणून. तो पाइप टर्बोच्या जवळून जात होता, हेही मला दिसत होतं. पुढच्या रविवारी वायरिंगचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी ड्युटी होती. पाइप तसाच राहिला.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळल्या. पलंग, टाकी, कपाटं, गॅस, सामान मिळून गाडी पाच-सहा क्विंटलने जड झाली होती. आणि नवं इंजिन चढावर वरच्या गिअरमध्येच सहज ओढत होतं, त्यामुळे उस्तादांची फौजी सवय सुटली. जुन्या वन-टनला घाट उतरायचा म्हणजे दुसरा गिअर टाकायचा आणि पाय सोडून द्यायचा. चार लिटरचं पेट्रोल इंजिन स्वतःच गाडीला मागे धरायचं. २.२ लिटरचं डिझेल तेवढं धरत नाही. इंजिन लहान, आणि थ्रॉटल नसल्यामुळे ओढही नाही. म्हणजे चढताना जी ताकद आम्हाला मिळाली, तिची किंमत उतरताना ब्रेकने मोजायची होती. आणि ब्रेक १९७० सालातलेच होते.

परिक्रमेआधी चाचणी म्हणून नागपूरचा फेरा ठरला. वहिनींच्या भाचीचं लग्न होतं, मलाही सुट्टीवर घरी जायला नागपूरहून गाडी धरायची होती. जबलपूर ते नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. बर्गी, लखनादौन, सिवनी आणि मग कुरईचा घाट. आज तिथे पेंचच्या जंगलातून उंचावरचा चौपदरी रस्ता आहे, खालून वाघ-हरणांना जायला वाट आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये तो पट्टा अरुंद आणि फुटका होता.

सिवनीपर्यंत उस्ताद गाणी म्हणत होते. घाट उतरताना तिसऱ्या वळणाला त्यांचा आवाज बंद झाला. मग म्हणाले, "पेडल दगड झालं बे."

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. सगळं वजन टाकून ते पेडलवर उभे होते. रबर गरम होऊन मऊ झालं होतं आणि व्हॅक्यूमच्या ओढीने पाइप आतल्या आत चिकटला होता. बूस्टर मेला. नुसत्या पायाच्या जोरावर ड्रम धरत होते, ते तापून सुटायला लागले होते. पुढे एक मोटारसायकल होती. नवरा चालवत होता, बायको मागे, टाकीवर दोन-तीन वर्षांचं पोर. आम्ही हॉर्नवर हात ठेवला. त्या माणसाला वाटलं आम्हाला ओव्हरटेक करायचंय. तो शांतपणे डावीकडे सरकला, म्हणजे आम्हाला थांबायला जी जागा होती तिथेच.

उस्तादांनी गाडी उजवीकडे घेतली, समोरून काही येत नव्हतं हे नशीब, आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. फौजेत ड्रायव्हरला हेच शिकवतात, ब्रेक गेला तर दरीकडे पाहू नको, डोंगर धर. गाडी खरवडत जाऊन दगडांवर बसली. मागे पलंगावर बसलेल्या वहिनी कपाटावर आदळल्या. मनगट मोडलं. उस्तादांचा गुडघा फुटला. मला ओरखडासुद्धा नाही.

मोटारसायकलवाला थांबला. पोराला कडेवर घेऊन धावत आला आणि वहिनींना पाणी पाजलं. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आम्ही त्याच्यापासून किती हातांवर होतो. मी सांगितलं नाही. अकरा-बारा वर्षं झाली, ते पोर आता आठवी-नववीत असेल. अजूनही कुठे घाट उतरताना मला तेच आठवतं.

त्यानंतर कागदांची गोष्ट. गाडीच्या नोंदणीत इंधन 'पेट्रोल' आणि इंजिन नंबर जुना. उस्तादांनी आधी चौकशी केली होती. नियमात बसत नाही हे कळल्यावर एका दलालाने त्यांना समजावलं होतं की बॉनेट उघडून कोण बघतंय, नंतर बघू. आम्हाला दोघांनाही ते सोयीचं वाटलं. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत वही मिटली. दावा नामंजूर. माणूस सज्जन होता. जाताना म्हणाला, "त्या मोटारसायकलवाल्याला काही झालं असतं तर कोर्टाने आमच्याकडून पैसे द्यायला लावले असते, आणि मग आम्ही ते वसूल करायला तुमच्या दारात आलो असतो. घर विकावं लागलं असतं." त्याचं काहीच चुकत नव्हतं.

इथवरची गोष्ट ऐकली की लोक दोन गटांत विभागतात. पहिला गट म्हणतो, बघा, म्हणूनच कायद्याने बंदी आहे, हे उद्योग करूच नयेत. दुसरा म्हणतो, पाइप चांगला लावला असता तर काही झालं नसतं. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच कलमात एक वाट ठेवलेली आहे: सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी मंजूर किट बसवायला मुभा आहे, ठरलेल्या अटींवर. म्हणजे जुन्या गाडीचं काळीज बदलायला सरकारचा तत्त्वतः विरोध नाही. त्यासाठी तपासलेलं किट हवं आणि तपासलेला बसवणारा हवा, एवढंच. पण एका माणसाने एका गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकायचं म्हटलं, तर त्याची तपासणी करून घ्यायला सोयीची खिडकीच नाही.

जुनं ते जसंच्या तसं जपायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, वेगळी 'व्हीए' मालिकेची नंबरप्लेट. पण अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही. हा नियम चांगला आहे. प्रदर्शनासाठी जपलेल्या गाडीचं इंजिन बदलणं म्हणजे जुन्या देवळाला फरशा बसवण्यासारखं. पण उस्तादांची वन-टन प्रदर्शनाची नव्हती, वहिनींना नर्मदेभोवती फिरवून आणायची होती.

"मूळ इंजिन म्हणजेच गाडीचा आत्मा" म्हणणाऱ्यांना मी नेहमी व्हेईकल फॅक्टरीचंच उदाहरण देतो. पेट्रोलची जोंगा नागरिकांना परवडेना, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात फॅक्टरीने स्वतःच जोंगात हिनोचं डिझेल इंजिन घातलं. थोड्याच गाड्या निघाल्या, पण निघाल्या. ज्यांनी जोंगा घडवली त्यांनीच तिचं काळीज बदललं. फरक एवढाच की त्यांच्याकडे ड्रॉइंग होती, टेस्ट ट्रॅक होता, आणि सही करणारा माणूस होता.

सहीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. याच गावातलं आणखी मोठं उदाहरण म्हणजे शारंग तोफ. रशियन बनावटीची १३० मिमीची जुनी एम-४६ तोफ आपल्या तोपचींना चांगली माहीत आहे. तिचा गाडा तोच ठेवून तिला १५५ मिमी, ४५ कॅलिबरची नवी नळी बसवायचं काम जबलपूरच्या कारखान्यांनी केलं. २०२० च्या फेब्रुवारीत ती सैन्याला सुपूर्द व्हायला सुरुवात झाली. पूर्वी सत्तावीस किलोमीटरपर्यंत जाणारा मारा छत्तीसच्या पुढे गेला. जुन्या गाड्यावर नवी ताकद. आमच्या वन-टनमध्ये आम्ही नेमकं हेच करत होतो.

पण तिथे कुणी नळी बदलून "हो जाएगा" म्हणालं नाही. नळी मोठी झाली की गोळा जड होतो, धक्का वाढतो, तो धक्का गाड्याला झेलायचा असतो. ब्रीच बदलतो, मझल ब्रेक बदलतो, सगळं परत मोजावं लागतं. आणि मग खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर तोफ नेऊन प्रत्यक्ष गोळे डागतात. प्रूफ झाल्याशिवाय तोफ जवानाच्या हातात जात नाही. तिथून थोड्याच अंतरावर आम्ही चार महिने राबलो आणि प्रूफसाठी एका माणसाची बायको मागच्या पलंगावर बसवून घाटात गेलो.

मला पाहिजे तो रस्ता म्हणजे हाच, प्रूफचा. जर्मनीत एकेका बदललेल्या गाडीची तज्ज्ञाकडून वेगळी तपासणी होऊन कागद मिळतो. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र मंजुरी चाचणी आहे. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त इंजिनिअर दाखला देतो. आपल्याकडे अशा तपासणीची क्षमता नाही असं कुणी म्हणू नये. पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे. आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई फौजी गाड्यांपासून नागरी गाड्यांपर्यंत सगळं तपासते. मध्य प्रदेशातच पिथमपूरला नॅट्रॅक्सचा अकरा किलोमीटरहून लांब ट्रॅक आहे. या संस्था आज कंपन्यांचे मॉडेल तपासतात. वर्षाला काही ठरावीक संख्येने, पूर्ण शुल्क घेऊन, खासगी वापराच्या एकेका गाडीचीही तपासणी त्यांनी का करू नये? ब्रेक, धूर, वजन, वायरिंग, आणि इंजिन चोरीचं नाही याचा पुरावा. पास झाली तर नोंदणीत नवा इंजिन नंबर चढेल, विमा उतरेल. नापास झाली तर परत घरी.

यावर एक आक्षेप खरा आहे. चोरीची आणि भंगारातली इंजिनं अशाच वाटेने कायदेशीर होतील. होऊ शकतील. पण आज काय होतंय? काम तर चालूच आहे, प्रत्येक शहरात. फक्त बॉनेटखाली, अंधारात, कुणाच्याही सहीविना. प्रामाणिक माणूस चौकशी करून "नाही" ऐकतो आणि घरी बसतो, किंवा आमच्यासारखा दलालाचं ऐकतो. ज्याला चौकशीच करायची नाही तो मोकळा. बंदीमुळे इंजिन बदलणं थांबलेलं नाही, तपासणं तेवढं थांबलंय.

तोपर्यंत माझ्या मित्रांनो, तीन गोष्टी. कागदावर बसत नसेल तर करू नका. जुनंच इंजिन उघडा, बोअर करा, हेड बदला. वन-टनचं आणि जोंगाचं सामान जबलपूर-दिल्लीकडे अजून मिळतं, आणि पेट्रोलचा खर्च हा घर विकण्यापेक्षा स्वस्त आहे. दुसरं, गाडीत पलंग-कपाट काहीही बसवणार असाल, त्यालाही परवानगी लागते का ते आधी विचारा, आणि वजनकाट्यावर गाडी नेऊन मगच पुढे जा. तिसरं, कुठल्याही जुन्या गाडीत इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक पूर्ण उघडा. सिलिंडर, लायनर, पाइप, सगळं. ताकद वाढवायची नसली तरी. रबरी पाइप पुढच्या रविवारवर टाकू नका.

ईएमईचं ब्रीद 'कर्म ही धर्म'. वर्कशॉपमध्ये माझ्या जॉब कार्डवर माझ्या सहीखाली दुसऱ्याची तपासणीची सही असायची, आणि मला कधीकधी त्याचा राग यायचा. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाच्या मागे हा कोण पोरगा टॉर्च घेऊन बघतोय, असं वाटायचं. त्या पोराने रांझीच्या अंगणात एकदा टॉर्च मारला असता तर त्याला तो पाइप दिसला असता.

उस्तादांनी मला दोष दिला नाही. उलट हॉस्पिटलमध्ये म्हणाले, "स्टिअरिंग माझ्या हातात होतं, तुझ्या नाही." जुनं इंजिन आम्ही आधीच भंगारात विकून टाकलं होतं, त्यामुळे परत फिरायची सोय नव्हती. वन-टन अजून त्यांच्या अंगणात उभी आहे. नवं इंजिन काढून विकलं, बॉनेट रिकामं आहे. पुढच्या वर्षी दोघांनी बसने परिक्रमा केली. वहिनींना त्रास झाला. दर दोन तासांनी बस थांबवायला लावायची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्या बोलायच्या नाहीत, असं उस्तादांनी नंतर सांगितलं.

मित्राला मी शेवटी खर्चाचा आकडा दिला. त्यात पहिली ओळ ब्रेकची होती, दुसरी वकिलाला विचारायची. इंजिनची ओळ मी कोरी ठेवली. जोंगा त्याने घेतली आहे. मूळ इंजिन उघडायला सुरुवात केली आहे, आणि पिस्टनचे फोटो रोज सकाळी मला पाठवतो. पुढच्या महिन्यात ब्रेक बघायला मी स्वतः जाणार आहे. टॉर्च घेऊन.

तुमच्यापैकी कुणी असा बदल कायदेशीर मार्गाने करून घेतला असेल, तर जरूर कळवा. मला चूक ठरायला आवडेल.

जय हिंद.